मान खाली, साहेब

मला 'मान खाली घाला' असं तोंडावर सांगण्याचा अधिकार जगात तीनच माणसांना आहे. पहिले आमच्या शाखेचे व्यवस्थापक. दुसरी आमची सौभाग्यवती. ही दोघं प्रत्यक्षात तसं म्हणत नाहीत, पण त्यांनी नुसतं पाहिलं तरी मान आपोआप खाली जाते. तिसरे आमचे मामा. पहिल्या दोघांपुढे घातलेली मान वर येईपर्यंत एखादी रजा किंवा एखादा रविवार तरी गमावलेला असतो. मामांपुढे फक्त केस जातात, आणि तेही आता मोजकेच उरले आहेत.

मामा म्हणजे माझ्या आईचे बंधू नव्हेत. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या आमच्या गल्लीत त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून आहे आणि अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणते. तेव्हा नातं लावायचंच तर आम्ही सगळे एकाच कात्रीखालचे भाचे. मामांच्या वडिलांकडे दुकान नव्हतं, धोकटी होती. त्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, पितळी वाटी, तुरटीचा खडा आणि हातभर चामड्याचा पट्टा एवढं जग मावत असे. लहानपणी मी त्यांच्यापुढे लिंबाच्या झाडाखाली पोत्यावर बसलेलो आहे. तोच वस्तरा माझ्याआधी पाटलांच्या गालावर आणि त्याआधी कुणाच्या गालावर फिरला होता, हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती. वस्तरा पट्ट्यावर चार वेळा सटासट घासला की तो पवित्र झाला, असं धोकटीचं शास्त्र होतं.

आता एका वाणिज्य शाखेच्या पदवीधराने इतिहासात का शिरावं, हा प्रश्न रास्त आहे. माझा इतिहास शाळेबरोबर सुटला, तो पुन्हा भेटला २०२० साली, आणि तोही डोक्यावर वाढत वाढत कानांपर्यंत आला तेव्हा. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. मामांचं शटर खाली आलं. बँक मात्र अत्यावश्यक सेवा ठरली. इतकी वर्षं आम्ही अत्यावश्यक आहोत हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. महिन्याभरात काउंटरच्या दोन्ही बाजूंना जटाधारी मंडळी दिसू लागली. तोंडावर मास्क, त्यावर कपाळभर केस, मधे दोन डोळे. सही जुळायची, पण फोटो जुळेना.

शेवटी सौभाग्यवतीने ब्लाउज बेतायची कात्री हाती घेतली. तिने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती, त्यातल्या माणसाचे केस सुंदर झाले होते. माझं डोकं मागून उतरत्या छपरासारखं आणि पुढून कुरतडलेल्या पोळीसारखं झालं. "दोन आठवड्यांत सारखं होईल," ती म्हणाली. आमच्या धंद्यात याला मुदत ठेव म्हणतात.

पण हसण्यावारी नेता येईना असा एक दिवस आला. जनधन खात्यांवर बायकांना एप्रिल ते जून असे तीन महिने दरमहा पाचशे रुपये जमा झाले होते आणि आमच्या दाराशी खडूच्या वर्तुळांत रांगा लागत होत्या. त्या रांगेत एक दिवस मामी उभ्या दिसल्या. खिडकीशी आल्या, स्लिप पुढे केली. मी पाचशेची नोट सरकवली. त्यांनी नोट पदरात बांधली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "साहेब, तुमचे केस लय वाढले नं. हे म्हणत होते, साहेबांचे हाल होऊन राह्यले असतील."

हाल कुणाचे होत होते, याचा हिशेब मी त्या रात्री केला. हिशेब ही माझी खोड आहे. जनता कर्फ्यूपासून मामांचं शटर अठ्ठ्याण्णव दिवस वर गेलं नाही. त्या काळात घरात आलेले पंधराशे रुपये म्हणजे दिवसाला साधारण पंधरा रुपये तीस पैसे. एका दाढीचेसुद्धा नव्हेत.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. आणि काय सांगू, आमच्या चंद्रपूरचा इतिहासच मुळी हात-तोंड धुण्यापासून सुरू होतो! गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगभर गाठी होत्या, अशी कथा आहे. शिकारीत तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी दिसलं. राजा ते प्यायला, हात-पाय-तोंड धुतलं आणि घरी येऊन गाढ झोपला. सकाळी राणी पाहते तो गाठी गायब. मग तिथे अचलेश्वराचं देऊळ झालं, आणि पुढे राजधानी बल्लारपूरहून इकडे आली. कथा कथेच्या जागी राहू द्या. पण ज्या शहराचा जन्म स्वच्छ पाण्याने तोंड धुण्यातून झाला, त्या शहराला २०२० साली वीस सेकंद हात धुवायला सरकारला शिकवावं लागलं.

जुने वैद्य या बाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर होते. चरकसंहितेत केस, दाढी आणि नखं पंधरवड्यातून तीनदा कापावीत असं सांगितलं आहे. विलायतेत तर न्हावी हाच शल्यवैद्य असे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५४० साली न्हावी आणि शल्यवैद्य यांची एकच कंपनी करून दिली, ती १७४५ साली फुटली. तोवर दाढी करणारे, दात उपटणारे आणि रक्त काढणारे हात एकाच पेशाचे होते. हल्ली आपण यांतल्या दोन कामांसाठी दोन वेगळ्या दवाखान्यांत जातो, आणि रक्त दोन्हीकडे बिल पाहून आटतं.

पुढे रोगजंतूंचा शोध लागला तसे धोकटीचे दिवस भरत आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशातून अँथ्रॅक्स झाल्याची उदाहरणं आहेत. घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करता ब्रशांत वापरले होते. त्याच युद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना लाखांनी जिलेटचे सेफ्टी रेझर वाटले, आणि माणूस आपली दाढी आपण करू लागला. तिथून न्हाव्याचं अर्धं उत्पन्न गेलं म्हणतात ते खोटं नाही.

१९१८ चा इन्फ्लुएंझा तर आमच्या भागाने भोगलेला. हिंदुस्थानात एक कोटी वीस लाखांच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे, आणि ज्या मध्य प्रांतात तेव्हा आमचा चांदा जिल्हा मोडत होता, तो सर्वाधिक झळ पोचलेल्या भागांपैकी एक. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसते. त्याच साथीत अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या आवारात, १९१९ साली, चक्क उघड्यावर मांडलेल्या केशकर्तनालयाचा फोटो उपलब्ध आहे. मोकळ्या हवेत साथ कमी पसरते म्हणून खुर्च्या बाहेर आणल्या होत्या. मी तो फोटो मामांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे तं आमच्या बापानं रोजच केलं. फकस्त लिंबाचं झाड नाही दिसत हो."

खरं आहे. करोनाचा विषाणू मुख्यतः हवेतून, बंद जागेतल्या श्वासातून पसरतो, हे विज्ञानाने पुढे स्पष्ट केलं. म्हणजे लिंबाखालचा वस्तरा घाण होता, पण हवा उत्तम होती. नंतर दुकानं झाली, काच आली, वातानुकूलन आलं. वस्तरा स्वच्छ झाला आणि हवा कोंडली. प्रगतीच्या खतावणीत जमा-खर्च असा दोन्ही बाजूंना पडतो.

वस्तरा स्वच्छ झाला तो मात्र एड्सच्या भीतीने. भारतात १९८६ साली एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले आणि नव्वदीत सलूनमध्ये 'नवीन ब्लेड लाव' हे वाक्य ऐकू येऊ लागलं. मी तेव्हा कॉलेजात जायच्या बेतात होतो. दाढी पुरती आली नव्हती, पण नवीन ब्लेडचा आग्रह पुरता आला होता. ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं या गिऱ्हाईकाला, अर्धं पुढच्याला. गंमत अशी की ज्या रोगाची भीती घातली गेली त्याच्यापेक्षा वस्तऱ्याला अधिक चिकटून राहणारा रोग दुसराच होता. कावीळ-ब चा विषाणू शरीराबाहेर सात दिवससुद्धा तग धरतो. तुरटीने रक्त थांबतं, विषाणू थांबत नाही. पण भीती कुठलीही असो, ब्लेड नवीन आलं. साथी जाताना एखादी चांगली सवय मागे विसरून जातात ती अशी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. २०२० च्या मार्चमध्ये राज्यात जो साथरोग कायदा लावला गेला, तो १८९७ सालचा, मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. तोवर त्याचं वय एकशे तेवीस झालं होतं, आणि तरी तो सेवेत. आमच्याकडे साठाव्या वर्षी घरी पाठवतात. एप्रिलअखेरच्या केंद्राच्या रंगीत यादीत गडचिरोली हिरवा जिल्हा होता आणि चंद्रपूर नारिंगी. जंगल मधे असल्याने रोगाला वाट सापडत नव्हती, अशी आमची समजूत. मे महिन्यात त्याला दोन्हीकडची वाट सापडली.

अखेर २८ जून २०२० पासून राज्यातली सलून उघडायला परवानगी मिळाली. कोल्हापुरात एका सलूनवाल्याने आनंदाच्या भरात पहिल्या गिऱ्हाईकाचे केस सोन्याच्या कात्रीने कापले. आमच्या मामांनी लोखंडी कात्रीला हळद-कुंकू लावलं. नियम असे होते: आधी वेळ ठरवून यायचं. कारागिराने मास्क, हातमोजे, ॲप्रन घालायचे. प्रत्येक गिऱ्हाईकानंतर खुर्ची निर्जंतुक करायची, दर दोन तासांनी फरशी पुसायची. टॉवेल-नॅपकिन एकदाच वापरून फेकायचे, आणि फेकता न येणारं सगळं दर वेळी निर्जंतुक करायचं. केस कापा, रंगवा, पण त्वचेशी संबंधित सेवा बंद. म्हणजे दाढी नाही! आणि हे सारं दुकानात ठळक लावायचं. मामांनी ते पेंटरकडून रंगवून घेतलं. 'त्वचेशी संबंदित सेवा मिळनार नाही' असा तो फलक. तमिळनाडूत त्या जूनमध्ये केस कापायला जाताना आधार क्रमांकही नोंदवावा लागत होता. हे वाचून मला भरून आलं. खातेदाराचा ठावठिकाणा विचारतो म्हणून आम्हा बँकवाल्यांना शिव्या घालणाऱ्यांची अशी ठिकठिकाणी सोय झाली होती.

मामांनी स्वतःहून एक वही ठेवली. नाव, फोन, वेळ. "साहेब, तुमच्यावानी आमचं बी लेजर," ते म्हणाले. मग मी आलो की ताप मोजत, हातावर द्रव ओतत आणि म्हणत, "आता मान खाली, साहेब."

नियम लिहिणाऱ्याने बहुधा कधी केस कापून घेतले नसावेत. मास्कचे बंद कानामागे, आणि कापायचे केसही कानामागे. मग मी डाव्या कानाचा बंद काढून मास्क हाताने नाकावर दाबून धरायचा, मामांनी डावी बाजू उरकायची, मग उजवी. मधेच शिंक आली तर दोघेही देवाचा धावा करत. निर्जंतुकीकरणासाठी मामांनी हायपोक्लोराइटचं पाणी केलं आणि रात्रभर कात्र्या त्यात बुडवून ठेवल्या. सकाळी दोन कात्र्या गंजलेल्या. ते पाणी फरशीला आणि खुर्चीच्या दांड्याला, लोखंडाला अल्कोहोल, हे ज्ञान मामांना दोन कात्र्यांच्या किमतीत मिळालं. वाणिज्य शाखेचं माझं याहून महाग पडलं होतं.

आणि इथेच आमच्या जिल्ह्यांची खरी मौज. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरातही १ एप्रिल २०१५ पासून होती, ती २०२१ साली उठली. म्हणजे २०२० साली या दोन्ही जिल्ह्यांत अल्कोहोल नावाची वस्तू कायद्याने दुकानात नसायला हवी, आणि सलूनमध्ये मात्र कायद्यानेच असायला हवी! मामांच्या आरशापुढे सत्तर टक्क्यांची बाटली उघड्यावर उभी. काही गिऱ्हाईकं केस नसताना येऊन हात धुवून जात आणि तळहाताचा दीर्घ वास घेत. सत्तर टक्केच का, शंभर का नाही, असं एकाने विचारलंच. तर निव्वळ अल्कोहोल पटकन उडून जातं, जंतूचं कवच मोडायला थोडं पाणी लागतं. पाणी घातल्याशिवाय काम होत नाही, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "ते तं आमाले पयलेपासून ठाऊक."

हसू मात्र फार टिकलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वणीला दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण दगावले. त्या दिवसापासून मामांनी बाटली ड्रॉवरमध्ये ठेवली आणि हातावर स्वतः मोजून ओतू लागले.

एवढ्या सोपस्कारांचा उपयोग झाला का, हे कुणी विचारेल. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यातल्या एका गावात सलूनमध्ये एकच कापड सगळ्यांना वापरल्याने सहा जणांना लागण झाल्याची बातमी होती. उलट, अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डला दोन केशकर्तनकार स्वतः करोनाने आजारी असताना मे महिन्यात १३९ गिऱ्हाईकांचे केस कापून बसले. दोघांच्याही तोंडावर मास्क होता, गिऱ्हाईकांच्याही. त्यांतल्या ६७ जणांनी तपासणी करून घेतली, एकालाही लागण निघाली नाही. म्हणजे इतक्या साऱ्या यादीत खरा हुकमाचा एक्का चार बोटं कापडाचा होता. खुर्च्या पुसून पुसून मामांचा रेक्झिन सोलवटला, त्याचा उपयोग त्या मानाने थोडा. पण तेव्हा ते ना मामांना ठाऊक, ना सरकारला. आपल्या हातात जे आहे ते माणूस पुसत राहतो.

या सगळ्या वाचनात मला एक शब्द खुपत होता: अंतर. दोन हातांचं अंतर ही आपल्या गावांत नवी गोष्ट नव्हती. कुणाच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, हे गावाने ठरवलेलं असे. आणि ज्याच्या हातात अख्ख्या गावाच्या माना, त्या न्हाव्यालाही काही घरांच्या ओट्यावरच बसावं लागे. पण त्याच लोकांनी १८९० साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवून वस्तरे खाली ठेवले होते. आमच्याच चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिवाशिवीला रामराम ठोकणाऱ्या माणसांना धम्मदीक्षा दिली. आमच्याच वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, ज्यांना कुणी हात लावत नव्हतं अशांसाठी. स्पर्शाची किंमत या जिल्ह्याला कुणी वेगळी शिकवायला नको होती. तरी २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही ती नव्याने शिकलो.

त्या ५ एप्रिलपासून सलून पुन्हा बंद झाली. दुसरी लाट फार वाईट होती. महिन्याच्या शेवटी आमचे काका गेले. शेवटचे नऊ दिवस त्यांना घरच्या कुणाचा हात लागला नाही. काकांचा मुलगा परदेशात, विमानं बंद. दहाव्याला इरईच्या काठी मी, भटजी आणि दोन शेजारी, सगळे एकमेकांपासून लांब. क्षौराचं काय करायचं हा प्रश्न होता. भटजी म्हणाले, एखादी बट कापली तरी चालेल, आपत्काल आहे. मी खिशात सौभाग्यवतीची कात्री आणलीच होती.

इतक्यात सायकलवरून मामा आले. मी कळवलं नव्हतं. डोक्याला रुमाल, तोंडाला दोन मास्क, आणि कॅरिअरला वडिलांची जुनी धोकटी. झाडाखाली सावलीत, वाऱ्याच्या बाजूने त्यांनी मला बसवलं. घरून धुऊन आणलेला टॉवेल माझ्याच हातात दिला. हातमोजे घातले. माझ्या डोळ्यांसमोर ब्लेडचं कागदी वेष्टन फाडलं, ब्लेड मोडलं, अर्धं वस्तऱ्यात बसवलं आणि उरलेलं अर्धं एका प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण लावलं. पुढच्या गिऱ्हाईकाला ठेवलं नाही. मग पाणी लावलं. दहा दिवसांत मला कुणी हात लावला नव्हता. घरात मी वेगळ्या खोलीत होतो, ताट दाराशी येत होतं. मामांचा ओला पंजा टाळूवर टेकला आणि मी तिथे, चाळिशीतला माणूस, जे काकांच्या चितेपाशी जमलं नव्हतं ते करू लागलो.

मामा थांबले. बराच वेळ हात तसाच ठेवून थांबले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मान खाली, साहेब." मान खाली घातली की डोळे कुणाला दिसत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. ही सोय कुठल्याही परिपत्रकात नव्हती.

निघताना त्यांनी धोकटीतून ती वही काढली. "नाव लिहा. नियम हाये." मी नाव, फोन आणि वेळ लिहिली. 'काम' या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, तेव्हा त्यांनीच वही घेऊन लिहिलं: कटिंग.

जूनमध्ये दुकानं पुन्हा उघडली, ती उघडलीच. आता मास्क गेले, तापमापक मामांच्या नातवाने खेळण्यात घेतला. नवीन ब्लेड राहिलं, धुतलेला टॉवेल राहिला, आणि दार उघडं ठेवून पंखा लावायची सवय राहिली. भिंतीवरचा फलकही आहे. 'त्वचेशी संबंदित सेवा मिळनार नाही.' मी परवा म्हटलं, मामा, हा आता काढा, नाहीतर निदान शुद्धलेखन तरी सुधारा. ते माझ्या गालाला साबण लावत होते.

"राहू द्या साहेब," ते म्हणाले. "आठवण हाये. मान वर घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मान वर घ्यायला सांगत होतं. मी घेतली. गळ्याशी नवं ब्लेड होतं, म्हणून काही बोललो नाही.